समुद्राच्या पाण्यात तुरटी

उंब्रज, मार्च १९९६. शुक्रवार, संध्याकाळ

रत्नागिरीहून एसटीनं आणलेल्या समुद्राच्या पाण्यात आईनं माझ्या माघारी तुरटी फिरवली. "लय गढूळ हुतं गं," म्हणाली. नदीच्या पाण्याची सवय, दुसरं काय. त्यातलं युरेनियम मी पीएच.डी.साठी तयार केलेल्या माझ्या मातीच्या पापुद्र्यांत धरणार होते. आता तुरटीनंच ते गाळाबरोबर खाली ओढलं असेल तर? सांगलीला पीएच.डी.च्या गाईडना फोन केला. हसले. "सोड आता. समुद्रातून युरेनियम काढणं उंब्रजच्या पोरींचं काम नाही."

मग कुणाचं?

चिडून कॅन ओतायला गेले आणि थांबले. तळाचा गाळ का फेकू? तोही तपासते. रविवारी पुन्हा रत्नागिरी, दोन कॅन. एकात माझी माती, एकात आईची तुरटी. निकालाचे कागद गाईडच्या टेबलावर ठेवीन. पंख्यानं उडू नयेत म्हणून वर तुरटीचा खडा.