तुझे बाबा सगळं पुरं करताहेत

नंदनवन, नागपूर
२८ ऑगस्ट १९७५

प्रिय अरू,

हे पत्र मी पोस्टात न टाकता शेजारच्या कुसुमताईंचे भाऊ महादेवराव यांच्या हाती देते आहे. ते कामानिमित्त नाशिकला येताहेत, तुझ्या नोकरदार मुलींच्या वसतिगृहावर स्वतः आणून देतील. त्यांना चहा विचार, बिचारे फार भिडस्त आहेत. पोस्टाने का नाही, ते पुढे येईलच. घरात कुणी आजारी नाही, कुणी पडलं-झडलं नाही, हे आधी सांगून टाकते, म्हणजे तू उभ्या उभ्या वाचणार नाहीस. पण माझं मन काही थाऱ्यावर नाही आणि ते तुझ्यापाशी नाही तर कुणापाशी बोलू?

झालंय असं, की तुझे बाबा अर्धवट राहिलेली कामं पुरी करताहेत. हसलीस ना? मीही आधी हसलेच. ज्या माणसाला मी उठता-बसता ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ ऐकवत संसार केला, त्याने आषाढातल्या एका रविवारी खिडकीतला तुझा लाकडी नंदी खाली काढला. तोच, तीन पायांचा. तुझ्या पहिल्या तान्ह्या पोळ्याला सागवानाचा नंदी घरीच कोरतो म्हणून बसले होते आणि तिसरा पाय होतो न होतो तोच कुणी तरी बिघडलेला ग्रामोफोन आणून दिला. झालं! तू आपली दर वर्षी इतवारीतून आणलेला रंगीत नंदी ओढत घरोघर बोजाऱ्याचे पैसे मागत फिरलीस आणि हा लंगडा विटेला टेकून खिडकीत उभा राहिला. आता त्याला चौथा पाय आहे, चाकं आहेत, शिंगांना पितळी टोपणं आहेत. आता हा कुणासाठी, असं मी विचारलं तर म्हणाले, ‘राहून गेलं होतं नं.’

मग बंगई झाली. ओसरीत नुसत्या साखळ्याच लोंबत होत्या, तू त्यांना माकडासारखी लटकायचीस. त्यांना फळी लागली, फळीला पॉलिश झालं, आणि मी त्या बंगईवर बसून भाजी निवडते, तर कुसुमताई कुंपणावरून हेव्याने बघतात. मग भोपळ्याच्या एकतारीला तार लागली. मग स्वयंपाकघरातल्या भिंतीवरची वेल. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा तुझ्या बाबांनी माझ्या कौतुकापोटी चुलीच्या वर ती काढायला घेतली होती, आणि पानं झाल्यावर फुलांचा रंग कोणता घ्यावा यावर आमचं जे भांडण झालं, ते झालंच. धुराने काळी पडलेली ती वेल त्यांनी धुऊन घेतली आणि परवा तिला फुलं काढली. माझ्या म्हणण्याप्रमाणे पिवळी. अरू, मी पोळ्या लाटता लाटता वर बघितलं आणि मला रडूच फुटलं.

कुणाला सांगायची सोय नाही. नवरा कामं पुरी करतो म्हणून रडणारी बाई मीच. कुसुमताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘अवं शामला, माणूस सुधरून राहिला तं तू रडून काहून राहिली? आमच्याले सांग ना जरा, वर्ष झालं, न्हाणीचं दार लावून नाही राहिले.’ त्यांचं बरोबरच आहे. पण त्यांना काय माहीत? या घरात काही तरी अर्धं पडलेलं आहे, तोवर हा माणूस ऑफिस सुटलं की सायकल दामटत सरळ घरी येणार, अशी माझी इतक्या वर्षांची समजूत. भाजीची पिशवी विसरतील, पण रंधा कुठे ठेवलाय ते विसरणार नाहीत. मी वरून कितीही करवादले, तरी ओसरीतला तो पसाराच माझा भरवसा होता. आता ओसरी लख्ख झाली आहे आणि मला तिच्यात पाय ठेववत नाही.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ना, तसं झालं. आधी वाटलं, यांना काही तरी दुखणं आहे आणि हे लपवताहेत. माझ्या गुडघ्याचं निमित्त करून मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं आणि तिथे गेल्यावर ‘आता यांनाही बघाच’ म्हणून धरलं. डॉक्टरांनी छाती तपासली, जीभ पाहिली आणि म्हणाले, माणूस ठणठणीत आहे, गुडघे मात्र तुमचे खराब आहेत. मग वाटलं, बदलीचा हुकूम आला असेल. तेही नाही. शेवटी मी काय केलं सांगू? तू हसशील. तो जुना रेडिओ त्यांनी पुरा जमवला, तर ते ऑफिसला गेल्यावर मी मागचा पुठ्ठा काढून आतली एक तार उपटली. म्हटलं, बसू दे आठ-पंधरा दिवस शोधत. घरी येऊन त्यांनी पुठ्ठा काढला, तार जोडली, पुठ्ठा लावला आणि हात धुऊन जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी मी बंगईच्या साखळीची कडी काढून डाळीच्या डब्यात टाकली. ती त्यांनी बरोबर शोधून काढली आणि मग माझ्याकडे नुसतं पाहिलं. ‘काय वं शामला,’ म्हणाले, ‘मले काम पुरवून राहिली का?’

पण खरी पाचावर धारण बसली ती नकाशाने. त्यांचा विहिरींचा नकाशा तुला आठवतो ना? गावातल्या एकूण एक विहिरी मांडणार म्हणून दर रविवारी सायकलवर निघायचे, तुला पुढच्या दांडीवर बसवून. कुठल्या विहिरीचं पाणी गोडं, कुठली बुजली, कुठलीवर पिंपळ उगवला, सगळं त्यात. हुडकेश्वरापर्यंत पोचले होते आणि गाव तर दर वर्षी पुढे सरकतंय, म्हणून तो नकाशा जन्मात संपणार नाही, अशी मी खात्री बाळगून होते. त्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर टेबलावर तो पसरलेला आणि खाली उजव्या कोपऱ्यात त्यांची सही. तुला ठाऊक आहे, ऑफिसात असोत की घरी, त्यांचा एक नियम. नकाशावर सही म्हणजे आता यात रेघही हलायची नाही. म्हणून तर घरच्या एकाही कागदावर त्यांनी आजवर सही केली नव्हती. मी म्हटलं, अहो, हुडकेश्वराच्या पलीकडच्या विहिरी? तर म्हणाले, ‘जेवढ्या पाह्यल्या तेवढ्याच खऱ्या.’

त्यानंतर मला शिकवणं सुरू झालं. फ्यूज कसा बांधायचा, हापशाचा वॉशर कसा बदलायचा, ड्रममधल्या संत्र्याच्या कलमाला पाणी कधी तोडायचं. मी मुद्दाम चुकायची. ते पुन्हा शांतपणे दाखवायचे. एवढा शांतपणा त्यांच्यात कधीच नव्हता, तुला तर माहीत आहे, एक स्क्रू हातातून पडला तरी घर डोक्यावर घ्यायचे.

आता देवाजीकाकांचं सांगते. ते तुला मी मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं आणि तूही पत्रात त्यांचं नाव काढू नकोस. जुलैत एके दिवशी शाळेत चित्रकलेचा तास घेत असताना पोलिसांनी त्यांना बोलावून नेलं, ते आजतागायत घरी आलेले नाहीत. भिंतीवर लावायला कुणाला तरी चित्र काढून दिलं होतं म्हणे. कुठे ठेवलंय ते कौसल्यावहिनींना धड कुणी सांगत नाही. आणीबाणीत विचारायचं कुणाला? लोक त्यांच्या दारावरून जाताना रस्त्याच्या पलीकडून जातात. तुझे बाबा मात्र रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसतात, आणि ते घरी येईपर्यंत मी फाटकाशी उभी असते. पत्र हाती का पाठवते, ते आता तुला कळलं असेल. पोस्टात कुणी फोडून वाचतं, असं सगळे म्हणतात. खरं-खोटं देव जाणे.

आणि मारबतीची मिरवणूक आठ-दहा दिवसांवर आली आहे. दर वर्षी या दिवसांत आपल्या अंगणात तणस, कामट्या आणि खळीच्या बादल्या यांनी पाय ठेवायला जागा नसायची. बाबा आणि देवाजीकाका गवताचा पुतळा बांधून बडग्या करायचे आणि ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ ओरडत मिरवणुकीत नेऊन शेवटी पेटवून यायचे. ते एकच काम दर वर्षी पुरं व्हायचं, कारण तारीख पंचांगाने ठरवलेली. कधी महागाईचा बडग्या, कधी भेसळीचा, आणि कुणाचाही असो, नाक मात्र तुझ्या बाबांचं. दाढीच्या आरशात बघून तोंड घडवायचे ना! इतवारीतली पोरं ओरडायची, ‘ओ साहेब, स्वतःलेच जाळून राहिले का गा?’ आणि हे दोघे हसून हसून बेजार.

यंदा मला वाटलं, देवाजी नाहीत, काळ असा, यंदा नसेल. पण तणस आलीच. एकट्यानेच बसले करायला. माणूस तयार झाला, आणि त्याचे दोन्ही हात त्याने स्वतःच्याच तोंडावर दाबून धरलेले. नाक पुन्हा ह्यांचंच. पाटी लिहून उन्हात वाळत ठेवली होती, ती मी वाचली. ‘भीती घेऊन जा गे मारबत.’ बास, एवढंच. दुसरं कुणाचं नाव नाही, काही नाही. मी ती उलटी करून ठेवली. म्हटलं, अहो, सरकारी नोकरी आहे, पेन्शनला थोडी वर्षं उरलीत, हे वाचून तुम्हाला घरी येऊ देतील का? तेव्हा कुठे त्यांनी हातातली खळ पुसली. म्हणाले, ‘नाही येऊ देणार, म्हणूनच तं सगळं आटपून राहिलो, शामला. तुले अर्ध्या पसाऱ्यात टाकून कसा जाऊ?’ मी भांडले, रडले, तुझी शपथ घातली. एक दिवस अन्न टाकलं. ते माझ्यासमोर ताट धरून बसून राहिले आणि स्वतःही जेवले नाहीत. म्हणाले, ‘देवाजीच्या दारावरून लोक रस्ता बदलून जाते. मी बी ऑफिसात त्याचं नाव हळूच घेतो. हे मले सहन नाही होऊन राहिलं वं.’ मीसुद्धा तुला लिहिताना ते नाव टाळलंच होतं.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. मारबतीच्या दुसऱ्या दिवशी तुला तार आली किंवा कुणी काही सांगितलं, तर नोकरी टाकून धावत येऊ नकोस. किल्ली कुसुमताईंकडे राहील, संत्र्याला पाणीही त्याच घालतील. दोघांचीही चौकशी करायची वेळ आली तर महादेवराव सांगतील तसं कर. हो, दोघांची. बडग्या दोन बांबूंवर उचलतात, पुढे एक माणूस, मागे एक. मागे देवाजी असायचे. यंदा कोण येतं का म्हणून तुझे बाबा सगळ्या गल्लीत विचारून आले. कुणी हो म्हटलं नाही आणि मी त्यांना नावं ठेवत नाही, सगळ्यांच्या घरी लेकरंबाळं आहेत. बाईमाणसाने बडग्या उचललेला मी तरी कधी पाहिला नाही. माझे गुडघे तुला माहीत आहेत, आणि भीती म्हणशील तर ती अक्षरावरून दिसतच असेल. आत्ता सकाळच्या उन्हात तुझे बाबा अंगणात एकट्यानेच तो उचलायची खटपट करताहेत. दोन्ही बांबू एकत्र बांधून एका खांद्यावर घेतात, बडग्या कलंडतो, पुन्हा उभा करतात, पुन्हा कलंडतो. त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. हे पत्र पाकिटात घालते, पदर खोचते आणि बाहेर जाऊन मागची बाजू उचलते.

तुझीच,
आई