गुडघा बरा झाला, हीच पंचाईत

सोलापूर,
मंगळवार, दुपारची भांडी झाल्यावर

तीर्थस्वरूप अक्काच्या पायांवर धाकट्या चंद्रिकेचं डोकं.

तुझी तब्येत कशी आहे? बीपीची गोळी घेतेस, की दाजींनी आठवण करायची वाट बघत बसतेस? कंबर अजून धरते का? म्हैस व्याली का? इकडं सगळे खुशाल. (पत्र बघून घाबरू नको. फोन लावला की सासूबाई "स्पीकरवर टाक गं" म्हणतात, आणि मग बोलायचं ते राहूनच जातं.)

माझ्या गुडघ्याचं तुला ठाऊकच आहे. पावसाळ्यापासून रोज दुपारी मी फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मशीन लावून घ्यायला जात होते. काय सुख होतं ते, काय सांगू! खाटेवर आडवं व्हायचं, गुडघ्याला ओले पट्टे बांधून घ्यायचे, हिरवा पडदा ओढला की झालं. करंट सुरू झाला की मुंग्या गुडघ्यातून हळूहळू वर चढतात, पंखा गरगरतो, बाहेर कुठंतरी मागाची खडखड चालू असते आणि डोळे आपोआप मिटतात. मग मी कुठं कुठं जाऊन यायची! एकदा तळ्याच्या पाण्यावर उताणी तरंगत होते, आणि देवळाचा कळस माझ्या शेजारनं सावकाश पुढं चालला होता. एकदा एक लांबच लांब खोली होती, तिच्यात ऊन आणि मी, दोघंच. (तिथं चहा कुणालाच नको होता.) मशीन टिंग करायचं तेव्हा मी कोण, कुणाची, काही म्हणजे काही आठवायचं नाही. चप्पल घालताना हळूहळू आठवायचं.

पण कुठं माशी शिंकली बघ. दवाखान्यातली आमची श्रावणी डॉक्टर, पोरगी लई गुणाची, पण पुण्याहून कसलंसं शिबिर करून आली आणि आल्या आल्या मशीनवर कापड झाकलं. म्हणाली, जगभरात हजारो गुडघ्यांवर संशोधन झालंय, मशीननं फारसा फरक पडत नाही, मांडीच्या व्यायामानं आणि चालण्यानं पडतो. इतकी वर्षं सवयीनं लावत होते, आता पुरावा बघून करणार. दवाखान्यात नुसता गोंधळ! चन्नवीरकाका (त्यांचा खांदा धरलाय) म्हणाले, "हातपायच हलवायचे तर घरी काय वाईट होतं?" एक बाई तर भांडलीच, की दसऱ्याला हार घातलेलं मशीन असं कोपऱ्यात टाकवतं तरी कसं.

माझं तर काळीजच तुटलं. तरी व्यायाम केले की. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, धरायचा, सोडायचा; मग ऊठबस; मग चालायचं. आणि अक्का, ते मेलं संशोधन खरं निघालं! जिना चढते, मांडी घालून बसते. ह्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं. सासूबाईंनी भाकऱ्या थापायला परत मलाच बसवलं ("बसता येतंय की आता!"). आणि श्रावणी म्हणाली, काकू, तुम्ही बऱ्या झालात, आता यायची गरज नाही.

मग मी लाजलज्जा सोडून म्हटलं, "करंट लावू नको बाई, नुसते पट्टे बांध आणि पडदा ओढ." ती स्टूल ओढून जवळ बसली आणि म्हणाली, पेशंटला काय हवंय तेही विचारायचं असतं, ते माझं राहिलंच. काकू, तुम्हाला नक्की काय हवंय? मी म्हटलं, आडवं व्हायचंय. दुपारी. कुणी हाक न मारता. ती म्हणाली, ते तर घरीही होईल, घरच्यांना सांगा. मला हसूच आलं. आमच्याकडं बाई दुपारी आडवी झाली की "ताप आलाय का?" म्हणून एकेक जण कपाळाला हात लावून जातो, आणि ताप नसला तर उठवतो. यावर कुठं संशोधन झालंय का, विचारलं. मग उठून तिनं पडदा ओढला, म्हणाली, आजचा दिवस झोपा. झोप कसली येतेय अक्का, रडूच आलं.

असो. दाजींना वाकून नमस्कार (वाकता येतंय आता), पोरांचे गालगुच्चे घे.

तुझीच,
चंद्रिका

ता. क. गुरुवारी संध्याकाळी, सगळे घरात असताना, फोन कर. स्पीकरवर मीच टाकते. म्हणावं, कंबर लई धरलीय, व्यायाम शिकवायला चंद्रिकेला आमच्याकडं वैरागला पाठवा, गोळ्यांपेक्षा व्यायाम बरा असं संशोधनात आलंय. ह्यांचा संशोधनावर आता भारी विश्वास बसलाय.

ता. क. खोटं बोलायला नको वाटत असेल तर व्यायाम खरंच शिकवते. पण सकाळी. दुपारी मला उठवायचं नाही, पाहुणे आले तरी.

ता. क. पाकीट चिकटवताना आठवून बघितलं. तुला दुपारी आडवी झालेली मी कधी पाहिलीच नाही गं. आईला पाहिलं, ते शेवटच्या दुखण्यात. दोन चटया टाक.