वरची सवत

४ मार्च, बुधवार

आणि परत उठून गेले! तोंडात घास, हात खरकटा, पण फोन टिटवीसारखा ओरडला की हे चपला अडकवून दाराबाहेर. लेक कितीतरी दिवसांनी आलेली. जावई समोर ताटावर बसलेले. जावयांनी विचारलं, "बाबा कुठे गेले?" मी म्हटलं, "सवतीकडे!" ते ठसकलेच. लेक ओरडली, "आई, काहीही काय बोलतेस!"

काहीही कशाला? सवतच ती. आभाळातली दुर्बीण. कुठेतरी लांब एखादा तारा मरतो म्हणे, मरताना डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचा लोळ सोडतो — गॅमा किरण — आणि ही बया कोणाला न विचारता तिकडे मान वळवते. लगेच ह्यांच्या फोनवर निरोप. विझायच्या आत बघायला पाहिजे म्हणून हे धावत ऑफिसात. एवढं मला लग्न झाल्यावर सांगितलं होतं. पुढचं मी विचारलं नाही. तारा मेला तर मेला. ताटातलं गार होतं त्याचं काय?

५ मार्च, गुरुवार

आले. झोपले. मी पाठ करून पडले. बोलायचं कोणी आधी?

६ मार्च, शुक्रवार



ह्यांच्या ऑफिसच्या गाडीचा ड्रायव्हर घरातल्या माझ्या शिवणाच्या दुकानात पँटची चेन बदलायला आला. मी आपली नेहमीसारखी म्हटलं, "तुमची ती दुर्बीण एकदा माझ्या हाती लागू दे, कात्रीच लावते!" तो हसला नाही. म्हणाला, "वहिनी, ती तर गेल्या वर्षीच बंद केली. दादा आता सामानाच्या स्टोअरला बसतात. तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे हो. गंमत केली."

चेन उलटी शिवली. उसवली. परत उलटीच बसली! शेवटी त्याला उद्या ये म्हटलं.

गेल्या वर्षी! मग फोन कोणाचा येतो? सवत मेली, तर हे उठून जातात कोणाकडे?

७ मार्च, शनिवार

गेले मागोमाग. फोन ओरडला, हे निघाले, मी मशीनवर कापड तसंच टाकलं. पुलापलीकडे औषधाचं दुकान आहे, त्याच्या बाजूच्या जिन्याने हे वर गेले. दार बाईने उघडलं! तरणी. मीही चढले. दार उघडंच होतं. म्हटलं, आज हिच्या झिंज्याच उपटते.

ती तर नर्स होती.

आत पलंगावर एक म्हातारी, पाठीला तीन उशा. ह्यांच्या ऑफिसातल्या मोठ्या बाई, फोटोत पाहिलेल्या. दुर्बीण ज्यांनी बांधली त्या. हे स्टुलावर बसलेले आणि सांगतायत, "बाई, आला! नवा लोळ, आत्ताच! हिने काय झपकन मान वळवली!" हात कसे फिरवत होते! डोळे चमकत होते! हा माणूस माझ्या घरात राहतो? मी तर कधी पाहिला नाही याला.

मेलेल्या दुर्बिणीच्या बातम्या. धडधडीत खोटं! पाय न वाजवता उतरले.

९ मार्च, सोमवार

दोन दिवस दात आवळून काढले. आज विचारलंच. "तुमची दुर्बीण बंद आहे. तुम्ही खुर्च्या-पंखे सांभाळता. आणि त्या म्हातारीला थापा मारता!"

म्हणाले, "बाईंचा जीव आहे तिच्यात. कळलं तर जातील. अस्वस्थ झाल्या, 'आला का' म्हणाल्या की नर्स फोन करते. तिच्या नंबरला मी दुर्बिणीच्या निरोपाचाच आवाज लावलाय."

"आणि मी? मला सांगायला काय झालं होतं?"

"बंद झाली त्या दिवशी सांगायलाच लवकर आलो होतो. तू मशीनवरून मान वर न करता म्हणालीस, 'आज लवकर कसे? सवतीने हाकललं वाटतं!'"

मला आठवतंय. दुकानातल्या दोन बायका हसल्या होत्या. हेही हसले होते.

ते काही असो. खोटं ते खोटं. उद्या मी स्वतः जाऊन म्हातारीला खरं सांगणार.

१० मार्च, मंगळवार

गेले. नर्स बाहेर कपडे वाळत घालत होती. मी बसलेसुद्धा नाही. "बाई, मी त्यांची बायको. ती दुर्बीण मेली. वर्ष झालं."

म्हातारी म्हणाली, "अगं, हळू! नर्सच्या तोंडात तीळ भिजत नाही."

मी दार लोटून घेतलं.

"मला माहीत आहे. तिला वळवणारी चाकंच निकामी झाली होती. बंद करा म्हणून सही माझीच आहे. ते त्याला सांगायची माझी छाती झाली नाही. तेवढ्यात हाच धावत आला, 'बाई, आला!' मी म्हटलं, बरं. तेव्हापासून फोन करायला मीच सांगते. शनिवारी सांगितला तो सात वर्षांपूर्वीचा होता. सगळं बरोबर सांगतो गं, कुठे चुकत नाही."

म्हणजे हे तिला फसवतात आणि ती ह्यांना! पुढचं आज लिहवत नाही.

११ मार्च, बुधवार

काल निघताना म्हातारीने मनगट धरलं. एवढ्याशा हातात एवढी पकड!

"सोमवारी माझी लेक मला तिच्या गावी नेणार. मी इथे परत येणार नाही. मग 'आला' म्हणून हा कोणाकडे धावेल? तू मशीन बंद करून ऐकशील का? नसेल जमणार तर तसं सांग, मला सगळं माहीत होतं हे जायच्या आधी त्याला सांगून मी मोकळी होते. पण रविवारपर्यंत मला उत्तर पाहिजे."