मरताना सर्व्हर काय बोलला

४ मार्च, सोमवार
लॅबचा सर्व्हर पुन्हा बसला. रक्ताचे रिपोर्ट अडकले, काउंटरवर पेशंटांची आरडाओरड. मी प्लग उपटला, परत घातला. चालू! ऑफिसात मला उगाच 'दादा' म्हणत नाहीत. साहेबांनी मात्र विचारलं, सारखा बसतो कशामुळे? म्हटलं, शोधतो.

५ मार्च
शोधणार कसं? क्रॅशचा लॉग, म्हणजे बंद पडतानाची नोंद, मेमरीत. रीस्टार्ट केला की पुसला. मेला तो मेला, साक्षीदारही घेऊन गेला.
जेवताना बायको म्हणाली, माझ्या धाकट्या बहिणीला कुठेतरी चिकटवा. मेव्हणीचं टायपिंग बरं आहे. विचार सुरू.

७ मार्च
कारण सापडलं! शेजारच्या खोलीत रिपोर्ट टाइप करणाऱ्या बाई चहाची किटली लावतात. व्होल्टेज पडत असणार. साहेबांना सांगितलं. बाई म्हणाल्या, दादा, किटली कधीपासून बिघडलीय. म्हटलं, प्रश्न किटलीचा नाही, शिस्तीचा आहे.

९ मार्च
बाईंना काढलं. रडल्या. नवरा घरी बसलाय, मुलीचं शिक्षण, वगैरे. मलाही वाईट वाटलं. डबा निम्माच खाल्ला. पण भावनेवर सर्व्हर चालत नाही. सोमवारपासून मेव्हणी येतेय. योगायोग.

१२ मार्च
सर्व्हर दोनदा बसला. बाई जाताना काहीतरी करून गेल्या असणार. आता पुरावाच धरतो. मेमरीचा एक कोपरा राखून ठेवला. मशीन मरताना शेवटचे शब्द तिथे लिहील, रीस्टार्टनंतर ते डिस्कवर उतरतील.

१३ मार्च
बसला. सवयीने प्लग उपटला. वीज तुटली की मेमरी कोरी, हे मला माहीत होतं. हाताला नव्हतं.

१४ मार्च
आता मशीन आपलं आपणच रीस्टार्ट होईल आणि लॉगची प्रत थेट साहेबांच्या मेलवर जाईल. बाईंचे प्रताप त्यांनी स्वतःच वाचावेत. मेव्हणी म्हणाली, भाऊजी, आधी तुम्ही एकदा बघा ना. म्हटलं, कर नाही त्याला डर कशाला?

१५ मार्च, दुपारी
बसला. उठला. लॉग जसाच्या तसा शाबूत! जानेवारीत मशीन वेगवान करायला मी 'दादा टर्बो' नावाचं मॉड्यूल लिहून सिस्टीमच्या पोटात घातलं होतं. लॉगमध्ये ओळीमागून ओळ तेच नाव. गेलेला मेल परत बोलावता येत नाही. सगळे उपाय करून पाहिले.

१६ मार्च
साहेबांना म्हटलं, लॉग जपण्याची व्यवस्था तर झकास चालली ना? म्हणाले, अभिनंदन, किल्ल्या टेबलावर ठेवा. जाताजाता मी मोठ्या मनाने सुचवलं, बाईंना परत घ्या. म्हणाले, जागा भरलीय. तुमच्याच मेव्हणीने.

२ एप्रिल
घरी. मेव्हणी कामावरून आली. म्हणाली, भाऊजी, ते मॉड्यूल काढल्यापासून सर्व्हर एकदाही बसला नाही. मी म्हटलं, शेवटी पाया कोणाचा?
बायको म्हणाली, पाय वर घ्या, फरशी पुसायचीय.