पट्टा काढू नका

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद वगैरे शेवटी बघू, उरले तर. तुझं पत्र पोहोचलं. माझ्यासाठी खिडकीची खोली मोकळी केलीस, पलंग बुटका घेतलास, न्हाणीघरात धरायला दांडी बसवलीस, सगळं कळलं. उत्सवाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, गाडी घेऊन मला कायमचं न्यायला येणार, तेही कळलं. आणि त्याखाली लिहिलंस, की ज्या माणसाला एक मुकं जनावर सांभाळता आलं नाही, त्याच्या भरवशावर तुला ठेवायला माझा जीव धजत नाही, तेही कळलं. पत्र मी तुझ्या बापाला दाखवलेलं नाही. एरवी घरात आलेला कागद तो वाचतो आणि मी ऐकते. हा मात्र मी पिठाच्या डब्यामागे लपवला आणि दोन दिवस लावून एकटीने वाचला. फोन केला असता, पण फोन खाली दुकानात, आणि तो समोरच खुर्ची ठोकत बसलेला. म्हणून हे लिहिते आहे. दमादमाने वाच. मी दमादमानेच लिहिलंय.

इथली बातमी अशी. मैदानात बांबूचे मनोरे उभे राहिलेत, आतषबाजीवाल्यांचा टेम्पो येऊन लागलाय. कुणाला तरी धीर धरवत नाही, दिवसातून दोन-चार बार निघतातच, आणि गल्लीतली जनावरं आत्तापासून कान पाडून हिंडतात. मास्तरीणबाईंची मांजर, जिला बघून कुत्रीही वाट सोडतात, ती काल आपल्या दुकानातल्या उघड्या सोफ्याच्या स्प्रिंगांत शिरून बसली. तिला बाहेर काढता काढता बाईंच्या हातावर नकाशा उमटला. तुझ्या बापाने यंदा काय केलंय ते तुला कुणी सांगितलं नसणार. मागची सामानाची खोली त्याने रिकामी केली. भिंतींना, दाराला, वरच्या झरोक्याला फोमचे जाड तुकडे ठोकले. आत उभं राहिलं की आपलाच श्वास ऐकू येतो, दुसरं काही नाही. खाली जुने पडदे अंथरले, कोपऱ्यात पाण्याची भांडी ठेवली. आणि गल्लीत सांगून टाकलं, की ज्यांना घरी जमत नाही त्यांनी आपलं जनावर रविवारी दुपारी तीनच्या आत आणून सोडा. त्याआधी फिरवून आणा, खाणं लवकर घाला, पोट रिकामं असलं की भीती जास्त लागते. सात जनावरं ठरली आहेत, एक पोपट धरून. पोपट शिव्या देतो म्हणून त्याची मालकीण लाजत होती. म्हटलं, त्याला माझ्याजवळ ठेव, आमचं जमेल. पण सांगायचं ते हे, की कुणी विचारायला आलं की तुझा बाप आधी त्या जनावराच्या पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघतो. सैल आहे का, घट्ट आहे का, फोनचा नंबर आहे का. पट्टा नसला तर रेक्झिनची पट्टी कापून तिथल्या तिथे शिवून देतो. लोकांना वाटतं, चक्रम आहे.

ठोंब्याला तू घरात आणलंस तेव्हा तुझ्या आईला जाऊन सहा महिने झाले होते. फोमच्या कातरणांच्या पोत्यात घालून आणलंस, वर आणलंस आणि म्हणालीस, आजी, हे पोतं हलतंय. मी म्हटलं, हलतंय तर परत नेऊन ठेव. तू त्याचं ते परदेशी नाव ठेवलंस, माझी जीभ काही वळेना. मी ठोंब्या म्हणाले, तो ठोंब्यालाच ओ द्यायला लागला, आणि तू आठ दिवस माझ्याशी बोलली नाहीस. राग धरून ठेवण्यात तू माझ्यावर गेलीस, त्यात तुझ्या बापाचा काही दोष नाही. पहिल्याच उत्सवाला ते पिल्लू कापायच्या टेबलाखाली शिरून इतकं थरथरलं की टेबलावरची कात्री वाजायला लागली. तू कवटाळून रडत होतीस, मी दोघांनाही रागवत होते. तुझ्या बापाने शिलाई मशीन सुरू केलं. त्या जड मशीनची घरघर ठोंब्याच्या अंगवळणी पडलेली, तिच्यावरच तो दुपारी झोपायचा. मशीनच्या पायाशी येऊन त्याने पोट जमिनीला टेकलं आणि हळूहळू मान खाली घातली. आतषबाजी संपेपर्यंत तुझा बाप शिवत राहिला. शिवायला काम नव्हतं म्हणून एकाच चिंधीवर आडव्या-उभ्या टिपा मारत बसला. ती चिंधी शेवटी लाकडासारखी ताठ झाली. पुढे दर वर्षी असंच. सहा उत्सवांतून त्याने ते कुत्रं असं पार नेलं. हे तू विसरलीस असं मी म्हणत नाही. रागात माणसाला पुढचं दिसतं, मागचं दिसत नाही.

गेल्या वर्षी तुला नव्या नोकरीत रजा मिळेना. जाताना तू दोऱ्यांच्या खोक्याचं झाकण फाडलंस, त्यावर काय काय करायचं ते लिहिलंस आणि मशीनच्या वर भिंतीला ठोकलंस. आम्हा दोघांसाठी. उत्सवाच्या दिवशी तुझ्या बापाने सकाळी ठोंब्याला लांबवर फिरवून आणलं, त्याचं खाणं झालं. आतषबाजी सात वाजता, असं सगळीकडे पुकारलेलं. दातांच्या डॉक्टरांची खुर्ची त्याच दिवशी पोचवायची होती, म्हणून तो तीनला बाहेर पडला. मला म्हणाला, चारपर्यंत येतो, तोवर पोरीने लिहिलंय तसं करून ठेव. म्हटलं, जा, मला शिकवू नकोस. साडेचारला त्याने बाहेरून शटर वर केलं, जेमतेम गुडघ्याइतकं, वाकून आत येण्यापुरतं. तेवढ्यात त्या मेल्यांनी मैदानात एक मोठा बार काढून बघितला. सात वाजताचा नीट उडतो की नाही ते बघायला. ठोंब्या टेबलाखालून सुटला तो थेट त्या फटीत. तुझा बाप तसाच आडवा पडला आणि त्याने त्याची मान धरली. धरली होती, मी बघितलं. पण मानेला धरण्यासारखं काही नव्हतं. हातात नुसते केस आले.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते. दोन दिवस तो पायी हिंडला. बस डेपो, मंडई, नदीकाठ. कागद चिकटवले, हाका मारून घसा बसला. तिसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता लागला. उत्सवाच्याच संध्याकाळी डेपोजवळ ठोंब्याला गाडीने उडवलं होतं. एका फळवाल्याने हातगाडीवर घालून बाईंकडे नेलं होतं. दीड दिवस जगला. बाईंनी उशाशी बसून सगळं केलं, माणूस चांगलं आहे. फक्त एवढंच म्हणाल्या, गळ्यात नंबर असता तर त्याच संध्याकाळी फोन केला असता. तीन तासांचा तर रस्ता तुझा. रात्रीच्या आत पोचली असतीस, आणि तो तुझ्या मांडीवर गेला असता. ते त्या म्हणाल्या नाहीत, ते माझं मला कळलं.

तू आलीस ती पायातल्या चपलांसकट दुकानात शिरलीस. तुझा बाप ठोकत होता. आमच्या धंद्यात बारीक खिळ्यांना चुका म्हणतात, ठोकणारा त्या ओठांत धरून बसतो. तू विचारलंस, पट्टा कुणी काढला? त्याने एकेक चूक तोंडातून काढून तळहातावर ठेवली. मग म्हणाला, मी काढला, मान घासत होती त्याची. तू ओरडलीस, ठळक लिहून ठेवलं होतं ना मी, पट्टा काढू नका म्हणून? वाचता येत नाही का तुम्हाला? मी जिन्याच्या पायरीवर उभी होते. तुला वाटलं असेल, आजीला धक्का बसला, तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. तू मला जवळ घेतलंस आणि त्याच्याकडे न बघता निघून गेलीस. त्याला आता अकरा महिने झाले. फोन आला की तो उचलतो, तू म्हणतेस आजीला द्या, तो मला देतो आणि उगाच फोम मोजायला मागे जातो. केस पांढरे झाले त्याचे. जेवायला बसतो आणि चार घासांत उठतो. विचारलं तर म्हणतो, दुपारी खाल्लं होतं. दुपारी काय खाल्लं ते मला माहीत आहे, कारण दुपारी स्वयंपाक मीच करते.

आता माझं ऐक. तू लहान असताना मी तुला पुस्तकं वाचून दाखवायची, आठवतं? एकच गोष्ट दर वेळी वेगळी कशी होते म्हणून तू भांडायचीस. मी चित्र बघून ठोकून द्यायची. दुसरी इयत्ता सुरू झाली आणि घरच्यांनी मला धाकट्या भावंडांसाठी शाळेतून काढलं, तिथेच माझं शिक्षण संपलं. अक्षरं ओळखते, पण एकेक करून, बोट ठेवून. घरात कागद आला की माझा चष्मा हरवतो, तो का, ते तुझ्या आजोबांना माहीत होतं आणि तुझ्या बापाला माहीत आहे. तुला कधी कळू दिलं नाही, तू मला हुशार समजायचीस आणि ते मला आवडायचं. तर उत्सवाच्या दिवशी तुझा बाप खुर्ची पोचवायला गेल्यावर मी झाकणासमोर स्टूल ओढून बसले आणि वाचलं. झाकण अरुंद, तुझं अक्षर एकाला एक चिकटलेलं, पूर्णविराम द्यायचा तुला पहिल्यापासून कंटाळा. एक ओळ संपली होती ‘पट्टा काढू न’ अशी. जागा संपली म्हणून ‘का’ खालच्या ओळीवर गेला होता, आणि त्याला लागूनच पुढचं होतं, ‘पडदे ओढून घ्या’. मी बोट ठेवत वाचलं, पट्टा काढून. खालच्या ओळीवर, कापड दे ओढून घ्या. म्हटलं बरोबर आहे, भ्यालेल्या जीवाला गळ्याशी आवळायला नको, अंगावर पांघरूण घालायचं असणार. मी पट्टा काढला, बटणांच्या डब्यात ठेवला आणि ठोंब्याच्या अंगावर सोफ्याचं मखमली कापड घातलं. त्याने माझा हात चाटला. मी त्याला म्हटलं, बस झालं, ठोंब्या.

त्याच संध्याकाळी शोधून आल्यावर तुझ्या बापाने विचारलं, आई, पट्टा कुठे? मी म्हटलं, पोरीनेच लिहिलंय ना काढायला. त्याने त्या झाकणाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि ते भिंतीवरून काढून खिशात घातलं. खरं काय लिहिलं होतं ते मला तू ओरडलीस तेव्हा कळलं, पायरीवर उभी असताना. वाचता येत नाही का, हे तू त्याला म्हणालीस, लागलं मला. तेव्हाच दोन पायऱ्या उतरून सांगायचं होतं. मी मूग गिळून बसले. आज सांगू, उद्या सांगू करत अकरा महिने घालवले, आणि तो माझ्या ताटात वाढायचा थांबला नाही. मास्तरीणबाईंकडे चार महिने बसून नीट लिहा-वाचायला शिकले ते हे पत्र लिहिण्यासाठी. याची काना-मात्राही त्यांनीच तपासली आहे, म्हणजे गल्लीत आता एका माणसाला माहीत झालं. होऊ दे.

तुझ्या पत्रातली ती ओळ मी स्वतः वाचली, कुणी वाचून दाखवली असती तर कदाचित खपून गेली असती. ज्याला जनावर सांभाळता आलं नाही. म्हणून लिहिलं. मला न्यायला येऊ नकोस, माझं बोचकं बांधलेलं नसेल. मी तुझ्या बापाच्याच भरवशावर राहणार, आणि रविवारी तीनपासून त्या खोलीत त्या सात जीवांजवळ बसणार. माझ्याशी बोलायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी काही मागत नाही. पण शनिवारी ये, आणि आधी वर माझ्याकडे येऊ नकोस, दुकानात जा. मी तुला लिहिलंय हे त्याला माहीत नाही. तू विचारशील तर तो परत तेच म्हणेल, मी काढला, मान घासत होती त्याची. त्याचं ऐकू नकोस.

तुझीच, हे वाचून मानलीस तर,
आजी