ओदिलच्या ओढणीची कड

शांबर्नाक, ९ ऑगस्ट

क्लेमांस, तुला आणि तुझ्या घरच्या सगळ्यांना थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. गुडघा कसा आहे? दुखत असेल तर कोबीचं पान बांध, डॉक्टरकडे जाऊ नकोस, तो नुसतं तोंड वाकडं करतो. मी ठणठणीत आहे. डोळे तर असे आहेत की समोरच्या टेकडीवरच्या गाई इथून मोजते (परवा त्यातली एक झुडूप निघाली, पण गाईसारखं उभं राहायचं झुडपाला काय अडलं होतं?).

तू विचारलंस, तुझ्या ओदिलच्या लग्नाच्या ओढणीची लेस कुठवर आली. आपल्या घरातली पोरगी परक्या हाताची लेस डोक्यावर घेऊन चर्चच्या पायऱ्या चढलेली नाही, आणि मी जिवंत असेपर्यंत चढणार नाही. लग्नाला महिना उरलाय, तेव्हा मी आजीचा नमुन्याचा पुठ्ठा काढला, लेस विणायच्या उशीवर टाचला, चोवीस बॉबिनींवर दोरा भरला आणि गावातल्या विणणाऱ्या बायकांबरोबर भिंतीच्या सावलीत बसले. कडेला साठ पानं लागतात. पहिली दहा झाली झक्क. पुढची जरा फुगली. (लेओकादी म्हणाली, "सिदोनी, हे पान आहे का बटाटा?" तिच्या सासरचे सगळेच तोंडाळ.) मग एकदा मी चुलीवरचा मसूर बघायला आत गेले, परत आले तर त्या बटाट्याचं नीट पान झालेलं! आणि पुढं आणखी एक, जे मी विणलंच नव्हतं.

म्हटलं, उन्हानं डोकं फिरलं असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मसूर ढवळून यावं तर लेस बोटभर वाढलेली. आपल्याकडे कोणी उठलं तर शेजारीण तिच्या उशीवर चार फेरे विणून ठेवते, हे तुला माहीत आहे, पण माझ्या उशीला मी कुणाला हात लावू देत नाही हेही अख्ख्या गावाला माहीत आहे. ओळीतल्या सगळ्या बायका खाली माना घालून बॉबिनी खडखडवत होत्या. इतक्या शहाण्यासारख्या त्या चर्चमध्येसुद्धा बसत नाहीत. तेव्हाच मी ओळखलं, ह्यांना सगळं ठाऊक आहे.

मंगळवारी "मसूर लागला वाटतं" असं मोठ्यानं म्हणून आत गेले आणि खिडकीच्या पडद्याआड उभी राहिले. बघते तर माझ्या स्टुलावर सिप्रियेन! तीच, जिनं अकरा वर्षांपूर्वी आजीचा पुठ्ठा न विचारता भोकं टोचून दुसऱ्या पुठ्ठ्यावर उतरवून घेतला आणि जिच्याशी मी तेव्हापासून बोलत नाही. माझ्या टाचण्या भराभर उपटत होती, माझं विणलेलं उसवत होती. मी खिडकीतून ओरडले, "चोरटे! ऊठ तिथून!"

"काय चोरलं गं तुझं?"

"माझी पानं!"

"तुझ्या चुका चोरतेय. परत हव्यात का? टोपलीभर निघतील!"

सगळी ओळ हसली. लेओकादी तर स्टुलावरून पडली (देव आहे). मी म्हटलं, "हा नमुना तुला येतोच कसा?" तर म्हणते, "जिच्यापायी अकरा वर्षं शिव्या देतेयस, त्या चोरीमुळंच येतो. ओदिल उघड्या डोक्यानं गेलेली चालेल का तुला?" यावर उत्तर सुचत होतं, पण तेवढ्यात मसूर खरंच जळला.

तिनं तिच्याकडचं सूप आणून दिलं. मीठ कमी होतं. मी अजून तिच्याशी बोलत नाही, फक्त कामापुरतं. लेस वेळेवर येईल, काळजी नको.

तुझी ताई,
सिदोनी

ता. क. तुझ्या नवऱ्याचा जुना चष्मा पडून असेल तर पाठव. मला नको, टाचण्या शोधायला.

ता. क. दुसरं. लग्नाचं आमंत्रण सिप्रियेनलाही पाठव. तिथं कुणी विचारलं तर आपली चुलत बहीण म्हणून सांग. मग लेस घरच्याच हाताची झाली. देवाला मी समजावेन.

ता. क. तिसरं, हे मी माझ्या मनानं लिहितेय. क्लेमांस, अक्षरावरून कळलंच असेल, पत्र मी, सिप्रियेननं, लिहिलंय. सिदोनीनं सांगितलं तसं लिहिलं, "चोरटे"सुद्धा. साठातली सत्तेचाळीस पानं माझी आहेत, पण ते महत्त्वाचं नाही. हिला आता टाचणीचं डोकं दिसत नाही, समोर आलेलं माणूस आवाजावरून ओळखते, मंगळवारी मलाही खोकल्यावरूनच ओळखलं. तुमच्या सेंत-एतिएनला डोळ्यांचा चांगला डॉक्टर आहे म्हणतात. ही एकटी यायची नाही, म्हणून शनिवारच्या गाडीनं मी घेऊन येते. लेस पोचवायला चाललोय असंच तिला सांगितलंय, तूही तसंच म्हण. इतका वेळ काय खरडतेयस म्हणून विचारतेय. मी म्हटलं, तुझे आशीर्वाद लिहितेय, लांबलचक आहेत.