भिंतशेजाऱ्याचा मान

अदिलाबाद,
शुक्रवार

प्रिय मयूरी,

कशी आहेस, हे मी विचारत नाही. फोन लावला की तू कापतेस, म्हणून हे कागदावर लिहून राह्यली, संध्याकाळच्या बसच्या कंडक्टरच्या हाती धाडते. फाडायचंच असेल तर पुरतं वाचून फाड, एवढं तरी माझं ऐक. आपल्या दोघींच्या दुकानांमध्ये एकच भिंत होती आणि त्या भिंतीला खिडकी होती. नेरडीगोंड्याच्या हायवेवर काचेच्या दाराच्या नव्या दुकानात बसून ते विसरली असशील, तर आठवण करून देते.

आमच्याकडे कापड फाडायचं, खिडकीतून तुमच्याकडे सरकवायचं आणि तुझ्या घरधन्यानं, करणभाऊंनी, ते शिवायचं. उटनूर-नार्नूरकडची माणसं सकाळच्या बसनं उतरली की आधी आपल्याकडे गाठोडी टाकत, मग तहसील, दवाखाना, जिथं काम असेल तिथं फिरत. संध्याकाळी गाठोडं न्यायला आली की सदरा, झंपर तयार. त्यांच्या लेकरांना तू मुरमुरे वाटायचीस आणि माझ्यावर ओरडायचीस, की ही बाई नुसती गल्ल्यावर बसून पाहते. चिडकी तू पहिल्यापासूनच. मीही काही कमी नाही.

आता गल्लीची दशा ऐक. तुमच्या दुकानाला कुलूप लागलं आणि मग रांगच लागली. भांड्यांचं दुकान गेलं, तिथं मोबाइलची कव्हरं टांगली आहेत. केशवराव किराण्यात दुपारभर माश्या मारतात. लक्ष्मीबाई बांगड्यांचा पसारा मांडते, पण लग्नसराई सोडली तर तिच्यापुढं हात धरायला कोणी बसत नाही. मध्ये हैदराबादेहून कॉलेजची पोरं आली. आपल्या लाकडी दारांचे फोटो काढले, फार सुंदर म्हणाली, आणि पाणी हायवेवरून आणलेल्या बाटलीतलंच प्याली. बाजार काय फोटोवर चालते का, माय? हसू आलं आणि रागही आला.

पण गल्ली मेली नाही, हे मी छातीठोक सांगते. दवाखान्यात येणाऱ्या बाया अजूनही गाठोडी ठेवायला इथंच येतात. मोठ्या दुकानात गाठोडं घेऊन शिरलं तर वॉचमन दारातच अडवते म्हणे. माझं दुकान बंद, म्हणून केशवराव आपल्या ओट्यावर ठेवून घेतात. बाया बसतात, बोलतात, जाता जाता काहीतरी घेतात. नगरपालिकेनं आता दोन नकाशे केले आहेत. एकात गल्ली आहे तशीच राहते, फक्त नाली झाकायची, वर सावली करायची, गाड्या बाहेर थांबवायच्या. दुसऱ्यात सगळं पाडून कॉम्प्लेक्स. सोमवारी त्यांची माणसं येऊन कोणतं दुकान चालू आणि कोणतं बंद, ते पाहणार. बंद जास्त निघाली तर कॉम्प्लेक्स. केशवराव म्हणतात, काटा मधोमध उभा आहे, माझं शटर वर गेलं तरच तो आपल्याकडे झुकेल.

आणि माझं शटर उन्हाळ्यापासून खाली आहे, आमचे रविकांत गेले त्या दिवसापासून.

गल्लीची रीत तुला माहीत आहे. दुकानदार गेला तर घरच्यांनी शटरला हात लावायचा नाही. भिंतशेजाऱ्यानं ते उचलायचं आणि पहिली खरेदीही त्यानंच करायची, म्हणजे दुःख एका घरात कोंडून राहत नाही. तुझे सासरे गेले तेव्हा तुमचं दुकान ह्यांनीच उघडलं होतं. माझ्या दुकानाच्या एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला तुम्ही. दुसरा भिंतशेजारी मी आणू कुठून? केशवराव म्हणाले, मी उचलतो, काळ बदलला. सगळी गल्ली हो म्हणाली. मीच नाही म्हटलं, भांडली सगळ्यांशी. लक्ष्मीबाई रडत म्हणाली, पूनम, तुझ्या हट्टापायी आमच्या पोटावर पाय येईल. खरं आहे तिचं. तेव्हापासून कोणी माझ्याशी धड बोलत नाही, आणि मी जीव मुठीत धरून बसली आहे.

लोक काय बोलून राह्यले, तेही तुझ्या कानावर असेलच. नाली तुंबते, या घाणीत गिऱ्हाईक काऊन येईल, पाडून टाका, असं करणभाऊ भर बैठकीत म्हणाले. आमचे हे विरोधात उभे राहिले. जन्माचे दोस्त, पण एकमेकांची उणीदुणी काढली आणि तुम्ही सामान भरून निघून गेलात. मग एक दिवस ह्यांनी मोटारसायकल काढली, नेरडीगोंड्याच्या रस्त्याला लागले आणि गुडीहत्नूरच्या पुढं ट्रकखाली आले. गल्ली म्हणते, करणशी भांडायला निघाला आणि वाटेत गेला. करणनं दोस्त खाल्ला, असंसुद्धा म्हणतात. करणभाऊ तेरवीलाही आले नाहीत. मी दाराकडे पाहत होती, मयूरे. ते नाही तर नाही, तू तरी यायला पाहिजे होतीस. फार लागलं मला ते, अजून लागते.

आता ज्यासाठी बसली ते लिहिते. त्या सकाळी हे भांडायला निघाले नव्हते. चहा पिता पिता म्हणाले, नालीचं करणचं बरोबर होतं, मीच उगाच ताणलं, जातो आणि त्याला घेऊनच येतो. डिक्कीत तुझ्यासाठी माझ्या हातच्या कुरड्या होत्या. भांडायला जाणारा माणूस कुरड्या बांधून नेते काय? हे मी गल्लीत कोणाला सांगितलं नाही. ज्यांना सांगायचं ते दारात आलेच नाहीत, आणि दुसऱ्याच्या तोंडी धाडायची ही गोष्ट नाही. करणभाऊ आतल्या आत स्वतःला खात असतील, मी ओळखते त्यांना. त्यांना हे वाचून दाखव आणि रविवारी सकाळी घेऊन ये. लोक ओट्यांवर उभे राहून नको ते बोलतील. बोलू दे. खरं काय ते मी त्यांना तिथंच, सगळ्यांच्या देखत सांगेन. शटर गंजलं आहे, एकट्याला उचलणार नाही, तू दुसऱ्या बाजूनं हात लाव. तुम्ही नाही आलात तर सोमवारी ते खालीच राहील, गल्ली गेली तरी मी दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही. हे तुम्हाला आणायलाच निघाले होते गं. तेवढं ह्यांचं काम पुरं होऊ द्या.

तुझीच, अजूनही रागावलेली,
पूनम